बोथट पटाशीचा भाव

"ब्याण्णव पौंड!" जिलियन किंचाळलीच. "आत्या, त्या बोथट पटाशीला ब्याण्णव पौंड लागलेत!"

डोरीनबाईंनी हातातला कप खाली ठेवला. त्या पटाशीने त्यांचा नवरा विल्फ शेवटची वीस वर्षं रंगाच्या डब्यांची झाकणं उचकटत होता. दुकानात नवी कोरी पंधराला मिळते.

"चष्मा लावून बघ," त्या म्हणाल्या.

जिलियनने फोन जवळ धरून पाहिलं. तेवढ्यात भाव पंच्याण्णववर गेला.

विल्फ हार्बॉटल जाऊन तीन आठवडे झाले होते. सगळी हयात त्याने संडरलंडच्या गोदीत जहाजांवर सुतारकाम केलं. त्याची हत्यारं शेडमध्ये धूळ खात होती. भाचीने त्यांचे फोटो काढले आणि 'गोदीतल्या सुताराची हत्यारं' असं लिहून इंटरनेटवर लिलावाला टाकली. पोरीने खोटं काही लिहिलं नव्हतं. रंध्याची मूठ फुटलेली, काटकोन बघायचा गुण्या वाकडा, ठोकायच्या मोगरीला चीर, सगळं प्रामाणिकपणे नोंदलं होतं. तरी रंधा दोनशे चाळीसवर जाऊन बसला होता.

डोरीनबाईंना यात हसण्यासारखं काही दिसेना. विल्फच्या अंत्यविधीला सात माणसं होती, त्यातली चार शवपेटी उचलायला पैसे देऊन आणलेली. गोदीतलं कोणी फिरकलं नाही. चाळीस वर्षांपूर्वी तिथे अकरा आठवडे संप चालला होता आणि नवव्या आठवड्यात विल्फ एकटाच फाटकातून आत गेला होता. मॅटी हेस्लॉप, त्याच्याच कामाच्या बाकावरचा जोडीदार, त्याच्या बुटावर थुंकला आणि "फितूर!" म्हणाला. त्यानंतर कोणी विल्फशी बोललं नाही. गोदी बंद पडली तरी नाही. पबमध्ये तो बसला की शेजारची टेबलं रिकामी व्हायची.

त्या दिवशी सकाळी त्याला कोट घालून घराबाहेर काढलं होतं ते डोरीनबाईंनीच. हे विल्फने मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. त्यांनीही नाही, आणि त्याची त्यांना रोज लाज वाटे.

"ही राहिलीच की!" जिलियन शेडमधून ओरडली. भिंतीवर एक करवत टांगलेली होती. निम्मे दात गेलेले. मुठीवर 'टी. हेस्लॉप' असं नाव ठोकलेलं. गोदीतला प्रत्येक सुतार आपल्या हत्यारांवर असं नाव ठोकून ठेवी. "हिचे शंभर तर कुठे गेले नाहीत. असल्या भंगारावरच उड्या पडतायत."

"हात लावू नकोस. ती विकायची नसते."

"का पण?"

"नसते म्हणजे नसते."

गुरुवारी लिलाव संपला. अकरा हत्यारं, अकरा गिऱ्हाइकं. पैसेही लगेच जमा झाले. आणि अकराही जणांनी एकच निरोप धाडला: टपालाने पाठवू नका, शनिवारी दहा वाजता येऊन नेतो.

आता डोरीनबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. "गोदीतलेच आहेत. माझी टर उडवायला येतायत."

"अगं, पैसे दिलेत त्यांनी."

"दारात उभे राहून परत मागतील, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असे. माणूस मेला तरी पिच्छा सोडत नाहीत मेले!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

शनिवारी त्यांनी अंत्यविधीचाच काळा पोशाख घातला. दहा वाजता, कोणी घंटी वाजवायच्या आधीच, दार उघडलं. बाहेर अकरा म्हातारे उभे होते. सगळ्यांनी टाय बांधलेले, टोप्या हातात. एक जण तर चाकांचा वॉकर ढकलत आला होता. सगळ्यांत पुढे मॅटी हेस्लॉप.

"पटाशी न्यायला आलोय," तो म्हणाला.

"ती बोथट आहे."

"दिसलं फोटोत. नातीनं दाखवले. सगळी हत्यारं दिसली. आमच्या बापाची करवत तेवढी दिसली नाही."

"ती विकायची नसते."

"आम्ही त्याला इतकं वाळीत टाकलं, तरी ठेवली त्यानं?"

"भिंतीवर आहे. जाऊन बघ."

मॅटीने मान खाली घातली.

"मॅटी," डोरीनबाई म्हणाल्या, "त्याला त्या दिवशी मीच पाठवलं होतं."

मॅटीने पायपुसण्यावर बूट पुसले.

"चहा टाक, डोरीन," तो म्हणाला. "अकरा कप निघतील ना घरात?"

नऊ निघाले. दोघांनी काचेच्या ग्लासातून घेतला. मग आपापलं हत्यार वर्तमानपत्रात गुंडाळून, एकेक करून सगळे गेले. पैशांचा विषय कोणी काढला नाही.

जिलियन इतका वेळ जिन्याच्या पायरीवर बसून होती. "आत्या, हे लोक वेडे आहेत की मी?"

डोरीनबाई कप विसळत होत्या. "गोदीत सुतार वारला की जोडीदार त्याच्या हत्यारांचा लिलाव करायचे. जेवढं मोडकं, तेवढा भाव चढवायचा. पैसे त्याच्या घरी द्यायचे. मॅटीचा बाप गेला तेव्हा विल्फने त्या करवतीला आठवड्याचा अख्खा पगार दिला होता. असं घेतलेलं हत्यार वापरायचं नाही, विकायचंही नाही."

"मग करायचं काय त्याचं?"

"भिंतीवर टांगायचं." त्यांनी नळ बंद केला. "आपल्यातला होता म्हणून."