भुताचा पास्ता

मी नाही म्हटलेलं आमच्या घरात कोणाला ऐकू येत नव्हतं, म्हणून नकार पाहुण्यांकडूनच यावा असं मी ठरवलं. माझं नर्सिंग अर्धवट राहिलं होतं आणि शेगावहून बायको वारलेल्या माणसाचं स्थळ जेवायला येणार होतं. मोबाइलवर बघून मी भुताचा पास्ता केला. बीटच्या रसात लालभडक झालेला लांब लांब पास्ता, वर पनीरचे गोळे आणि प्रत्येक गोळ्यात बुबुळासारखी काळी मनुका. "हे काय करून राह्यली वो? लोकं उठून जातीन," आई म्हणाली. तेच तर हवं होतं. ताटं पुढे आली तसे बाबांनी आईकडे डोळे वटारले आणि तो माणूस मान खाली घालून बसला. त्याच्या मांडीवरच्या चिमुरड्या लेकीने मात्र एक डोळा उचलला, निरखून पाहिला आणि तोंडात टाकला. मग ती खुदकन हसली आणि दोन्ही हातांनी जेवायला लागली. सोबत आलेल्या तिच्या आजीने पदर तोंडाला लावला. "माय गेली तवापासून पोरगी अशी जेवलीच नाही," ती बाबांना म्हणाली. "आता आमाले दुसरं स्थळ पाहायचं नाही." बाबांनी माझ्याकडे न बघताच आईला कुंकू आणायला सांगितलं. माझ्या कपाळावर कुंकू लागत होतं तेव्हा ती पोर जवळ आली आणि तिने लाल झालेली मूठ उघडली. आत एक डोळा जपून ठेवला होता. "हा तुह्यासाठी. उद्या पण करशीन?" तिने विचारलं. तिला नाही म्हणणं मला जमलं नाही.