फुंकणीवाल्याची बायको

दिवा लाल लागला, तेव्हा ती अजून हसतच होती.

"झालं? एवढंच?" तिनं तोंडातली नळी काढली. "सुई नाही, टोचणं नाही. उगाच घाबरत होतो आम्ही."

कपड्यांच्या कारखान्यातली जेवणाची खोली. दारापर्यंत रांग. "यंत्र तुझ्या घरचं, आधी तू!" म्हणत बायकांनीच तिला पुढे ढकललं होतं. श्वासावरून कर्करोगाची चाहूल घेणारं हे यंत्र घेऊन तिचा नवरा गावभर फिरायचा. लोक त्याला फुंकणीवाला म्हणत. बायकोच्या कारखान्यात मात्र तो आज पहिल्यांदाच आला होता.

दिवा त्याच्या बाजूला होता. बाकी कुणाला दिसत नव्हता.

"परत एकदा फुंक."

"का हो? नापास झाले की काय?"

रांगेत हशा पिकला.

"नळी नीट बसली नव्हती."

श्वास घ्या. धरा. फुंका.

लाल.

"अहो, काय आलं?"

"सगळ्यांचं एकदम सांगायचं असतं. जा तू, मशीनवर बस."

ती गेली. त्याला बसवेना. मागे एकदा जिना चढताना ती मध्येच थांबली होती. गुडघा, म्हणाली होती. गुडघाच होता का? काल ताटात भात तसाच ठेवून उठली, ती पोट भरलं म्हणून, की... मन चिंती ते वैरी न चिंती.

लाल म्हणजे रोगच असं नाही, पुढच्या तपासण्या करून घ्या, एवढंच. हे वाक्य त्यानं आजवर कितीतरी जणांना धीर देत ऐकवलं होतं. आता स्वतःला ऐकवलं, तर पोकळ वाजलं.

"फुंकणीवाले, झोप लागली का?" कटिंग मास्तर खेकसले आणि समोर येऊन बसले.

श्वास घ्या. धरा. फुंका.

लाल.

त्याच्या छातीवरचा धोंडा जरासा हलला. यंत्रच बिघडलं असलं तर? पुढे सुपरवायझर बाई. हिचाही लाल येऊ दे, तो मनात म्हणाला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. लाल आला. लाज कुठल्या कुठे पळाली. पुढची, लाल. तिच्या मागची, लाल. इस्त्रीवाल्याच्या लाल दिव्याला तर त्याला हसूच फुटलं.

"काय हो, तोंडाला वास येतो का माझ्या?"

"छे! झकास फुंकलंत."

रांग थांबवून, सैल झालेली पँट वर ओढत तो व्हरांड्यात धावला. इंजिनिअरला फोन लावला.

"सगळेच लाल?" इंजिनिअर म्हणाला. "सकाळी शून्य लावलं होतं ना?"

"लावलं की. त्याशिवाय यंत्र सुरू कुठे होतं?"

"हात लावू नका. निघालो."

तो येईपर्यंत व्हरांड्यात येरझाऱ्या. काचेतून शिलाईची खोली दिसत होती. ती मशीनवर वाकलेली, मान खाली. मान बारीक झालीय का? यंत्र बिघडलं म्हणजे ती बरी, असं थोडंच आहे? बिघडलेलं यंत्र सगळ्यांशी खोटं बोललं आणि एकीशीच खरं, तर?

इंजिनिअर आला. यंत्र उघडलं, तारा तपासल्या, पुसलं, बंद केलं.

"याला काहीही झालेलं नाही."

म्हणजे तिचा लाल खराच?

इंजिनिअरनं पिशवीतून एक छोटी बाटली काढली. जमलेल्यांना म्हणाला, "यंत्राला रोज सकाळी आधी निरोगी श्वास दाखवायचा. त्यालाच शून्य लावणं म्हणतात. मग दिवसभर जो श्वास त्याच्याशी जुळेल तो हिरवा, जुळणार नाही तो लाल. या बाटलीत तसा श्वास आहे. लावतो. कोण बसतंय?"

"माझी बायको! आधी तिला बोलवा!"

ती आली, खांद्यावर दोऱ्याचे तुकडे घेऊनच. श्वास घेतला, धरला, फुंकला.

हिरवा.

मास्तर हिरवे. बाई हिरव्या. इस्त्रीवाला हिरवा. फुंकणीवाल्यानं सगळ्यांदेखत बायकोचा हात धरला तो सोडेचना.

"अहो, लोक बघतायत!"

"बघू दे!"

इस्त्रीवाल्यानं शिट्टी मारली. खोली हसण्यानं दणाणली.

इंजिनिअर तेवढा हसला नाही. यंत्रातून काढलेली जुनी बाटली तो कानाशी धरून हलवत होता.

"ही तर रिकामी आहे. मग सकाळी श्वास कुणाचा दाखवलात?"

फुंकणीवाल्यानं बायकोचा हात सोडला.

"कुणाचा म्हणजे? यांचाच!" बायको कौतुकानं म्हणाली. "निघतानाच म्हणाले होते, बाटली संपलीय, आज मीच फुंकतो. आमच्या घरात यांच्याइतकं ठणठणीत आहे कोण?"