केळ्यांवर काढलेले आठ दिवस

कुंभकोणमला आल्यापासून तीनशे वर्षांत आपल्या घराण्यात कुणी बाहेरचं अन्न तोंडात घातलेलं नाही, असं बजावूनच लक्ष्मीदेवींनी नवऱ्याला आफ्रिकेतल्या जंगल सफारीला धाडलं होतं. शेषाद्री परतताच लक्ष्मीदेवींनी त्यांची बॅग उपसली.

“इडलीबरोबरच्या पोडी चटणीचा डबा कुठाय हो?”

“पहिल्याच दिवशी बबून माकडानं जीपमधून पळवला. मग काय, आठ दिवस नुसत्या केळ्यांवर काढले!”

“आणि शर्टाचं बटण लागेना झालं, ते केळ्यांनी?” लक्ष्मीदेवींनी पलंगाखालून वजनकाटा ओढला. “चढा.”

“चढतो की. पण आधी तू चढ.”

लक्ष्मीदेवींनी काटा पायानंच परत आत सारला. आठ दिवस त्यांचं रात्रीचं जेवण बसस्टँडजवळच्या परोट्याच्या गाडीवरून येत होतं.