ईशान्येची बोअर

वरचा थर: भराव

भूगर्भतज्ज्ञ केतकीने पडद्यावर जमिनीचा उभा छेद फिरवला. बंद रंगकारखान्याखालचं विष लाल दिसत होतं. कारखान्याचे मालक, शेठ, समोर बसले होते. ते खोल उतरलं कुठून, हे आज सापडलं नाही तर गावच्या विहिरी गेल्यातच जमा होत्या.

मधला थर: काळी माती

"या चिकण थरावर विष अडतं, शेठ. आडवं पसरतं. या कोपऱ्यात मात्र काठीसारखं सरळ खाली गेलंय. निसर्ग अशी रेघ मारत नाही."

"मग तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय," शेठ घाम पुसत म्हणाले.

"कोपरा ईशान्येचा आहे."

शेठ गळाठले. "वास्तुवाले गुरुजी म्हणाले, ईशान्येला पाणी हवं. गुपचूप बोअर मारली."

"लागलं पाणी?"

"थेंब नाही! पण म्हणाले, बुजवू नका, लक्ष्मी तिथूनच येणार."

"तिथून विष गेलं, शेठ. उद्या आधी तिथलीच माती काढायची."

तळ: कातळ

शेठनी त्या लाल रेघेवर बोट टेकवलं. मग खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले, "काढा, मॅडम. फक्त गाड्या दक्षिणेच्या फाटकाने न्या. यमाची दिशा आहे ती, आणि माल त्याचाच."