साकवाचा नंबर

कुठल्या रस्त्याला, कुठल्या पुलाला आधी निधी द्यायचा, हे आता पाहणीयंत्र ठरवायचं. ते दोन पायांवर चालत गावात आलं तेव्हा ओढ्यावर साकव, पायी जायचा छोटा पूलही, नव्हता. पाहुण्याचे पाय भिजायला नकोत, म्हणून शेवंतीकाकूंनी त्याला पाठंगुळी घेऊन ओढा ओलांडला.

"झालं! आता लिहील, प्रवास सुखाचा," सरपंचबाई कडाडल्या. "बसा साकवाविना!"

काकूंची सून आठव्या महिन्यात, दवाखाना ओढ्यापलीकडे. काकूंना घास गोड लागेना.

यादी आली. त्यांचा साकव पहिला, आठवड्यात उभा राहणार! कारणाच्या रकान्यात यंत्राने लिहिलं होतं : 'मला नेणाऱ्या बाईचे पाय चारदा लटपटले. छाती धडधडत होती. तरी मलाच म्हणाली, घाबरू नको बाळा.'

"मेल्यानं सगळं सांगितलं की गं!" म्हणत काकू हसत, डोळे पुसत सुनेकडे धावल्या.