ओढ नसलेलं पाणी

१९८८ साली कोलशेतच्या कोळीवाड्यातली शेवंती ठाण्यातल्या क्लबच्या तलावात सराव करू द्या म्हणून विचारायला आली, तेव्हा चिटणीस सबनीसांनी तिला अगदी गोड शब्दांत नाही म्हटलं होतं. सभासदांची मासळीच्या वासाबद्दल तक्रार होती. वास अजून आला नव्हता, पण येणार याची सगळ्यांना खात्री होती.

जिल्ह्याची निवड चाचणी मात्र त्याच तलावात झाली. तिथे शेवंतीला अडवणं सबनीसांच्या हातात नव्हतं. त्यांच्या हातात फक्त स्टॉपवॉच होतं.

शिट्टी झाली आणि शेवंती तिरकीच सुटली. लेनच्या दोराला खांदा घासत गेली, येतानाही त्याच दोराला घासत आली. "अगं, सरळ पोह की!" म्हणून सभासद खो-खो हसले. मग हसणं थांबलं, कारण ती पहिली आली होती.

सबनीसांनी घड्याळ दोनदा पाहिलं. "दोर कशाला घासत होतीस गं?"

"खाडीत समोरचा काठ गाठायचा तर तिरकंच मारायला लागतं काका, नायतर पाणी भलतीकडं नेतं. तुमचं पाणी ओढतच नाय, ते मला काय म्हाईत?"

"मग आधी येऊन बघायचंस ना!" सबनीस बोलून गेले, आणि घाईने घड्याळ खिशात टाकू लागले. मग म्हणाले, "उद्यापासून रोज ये."

शेवंतीने सोललेल्या खांद्यावर पंचा टाकला.

"रविवारची येत जाईन, सरळ जायचं शिकायला. रोज नको काका. या पाण्यात मी आळशी व्हायची."