पेल्यावरचा पडदा

विष काढताना सापाची मान दादा धरायचा आणि पेला धाकटा. सापाची पेटी उघडण्याआधी दादा न चुकता म्हणायचा, "हात सांभाळ रे." त्या एका शब्दावर धाकट्याने पंधरा वर्षं बिनघोर काढली होती.

आज त्याने पेल्याच्या तोंडावर, साप ज्यात दात रोवतो तो रबरी पडदा ताणून बांधला आणि किल्ली घ्यायला गेला. परत येऊन बघतो तर पडद्याला दोन भोकं आणि तळाशी पिवळं विष. पेटीला कुलूप तसंच.

"दादा, हे काय?"

"तूच धड बांधला नसशील."

धाकट्याने दुसरा पडदा बांधला आणि मुद्दाम पाठ फिरवली. पुन्हा दोन भोकं.

दादा रुमालाने ओठ टिपत होता. रुमालावर दोन पिवळे डाग उमटले होते.

"पेला राहू दे आता," दादा मायेने म्हणाला. "हात पुढे कर."